मागच्या दाराची पायरी

आमच्या कात्रजच्या घरात स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरायला एक पायरी होती. एकच. ती गवंड्याने बांधलेली नव्हती. घर पुरं झालं तेव्हा मागच्या दाराचा उंबरा जमिनीपासून चांगला हातभर उंच राहिला, म्हणून यांनी डोंगराच्या बाजूने एक चपटा काळा दगड दोघातिघांच्या मदतीने ओढून आणला आणि दारात टेकवला. तो जरा डावीकडे कललेला होता. नीट करू, नीट करू म्हणत तसाच राहिला. एकतीस वर्षं मी त्या दगडावर पाय ठेवून खाली उतरले. हातात खरकटी भांडी असोत, धुण्याची बादली असो, कडेवर मुलगी असो, खाली बघावं लागत नसे. डावा पाय थोडा जड पडायचा, मग माती लागायची.

आता मी मंडईजवळच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते. इथेही स्वयंपाकघराला मागे दार आहे. ते गॅलरीत उघडतं. पायरी नाही, आतली फरशी तशीच सपाट बाहेर जाते. पहिले कितीतरी दिवस माझा पाय त्या दारात पायरी शोधायचा. पाय खाली सोडायची आणि फरशी आधीच वर येऊन भेटायची. गुडघ्यापासून दातापर्यंत हिसका बसायचा. झोपेत आपण कुठूनतरी पडतो आणि दचकून जागे होतो ना, तसं. फक्त मी जागीच असायची, हातात चहाची गाळणी असायची.

हे मी मुलीच्या शाळेतल्या भूगोलाच्या वहीत लिहिते आहे. तिची शेवटची पानं कोरी होती. कात्रजहून काय न्यायचं आणि काय टाकायचं याची निवड चालली होती तेव्हा ती वही मी टाकायच्या ढिगातून हळूच उचलून साड्यांत ठेवली.

घर सोडण्याचं कारण तसं साधंच होतं. माझे यजमान चौतीस वर्षं डेअरीत होते, दूध तापवतात त्या विभागात. काचेमागचा काटा ठरलेल्या खुणेच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि खाली येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावरही आम्ही चार वर्षं कात्रजलाच होतो. पण आमचं घर चढावर. बसमधून उतरल्यावर पंधरा मिनिटं चढायचं. यांचा उजवा गुडघा धरायला लागला. टाकीवर चढणं होईना, पत्र्याच्या फटी बुजवणं होईना. मुलगी बंगळूरला असते, ती फोनवर रोज एकच गोष्ट सांगायची, की तुम्ही दोघं तिथे एकटे आणि दवाखाना लांब.

इकडे गावात यांच्या वडिलांची भाड्याची खोली होती, चाळीत. यांचं लहानपण तिथलंच. ती चाळ पाडून बिल्डरने सात मजली इमारत बांधली आणि भाडेकरू म्हणून आम्हाला एक हॉल, एक बेडरूम आणि एवढंसं स्वयंपाकघर मिळालं. एक घर राहायला आणि एक विकायला, असं ठरलं. कोणतं कोणतं ते मात्र ठरेना. कात्रजच्या आमच्या गल्लीतले एक मास्तर आमचं घर घ्यायला तयार होते. त्यांनी दोनदा विचारलं.

तेव्हा हे मला म्हणाले, "संक्रांतीपर्यंत तिकडे राहून बघू. करमलं नाही तर परत येऊ, फ्लॅट देऊन टाकू. तू सांगशील तसं."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण मला असं कोणी विचारलं नव्हतं. त्यात यांचा दोष नाही. कात्रजची जागा घेतली तेव्हा भिंती कमरेपर्यंत आल्यावर मला बघायला नेलं होतं, आणि मी छान आहे म्हटलं होतं, आणि छानच होतं. माझं म्हणणं आणि झालेलं हे नेहमी एकच असायचं, म्हणून आधी विचारायची गरज पडली नसावी. आता विचारलं तर मला घाम फुटला.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आम्ही फ्लॅटवर आलो. टेम्पोत सामान कमीच होतं. मोठी कोठी, पाटा-वरवंटा, झोपाळ्याची फळी, धुण्याचा दगड, सगळं मागे कुलपात राहिलं. माझी पितळेची भांडी मी एका जुन्या साडीत गाठोडं बांधून आणली होती.

नव्या घरात पहिलं काम दूध उतू घालायचं. गॅस पेटवायचा, दूध ठेवायचं, ते वर येऊन भांड्याच्या काठावरून पूर्वेला सांडलं की मग बाकीचं सगळं. माझं माहेर लोणी काळभोरचं. आई म्हणायची, दूध उतू गेलं की घर आपलं हाय म्हनायचं, तवर आपन पाव्हनं. कात्रजच्या घरी आईच उभी होती चुलीपाशी. दूध असं उतू गेलं की निखारे विझले, आणि तिने टाळी वाजवली होती.

फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच होतो. हे, मी आणि समोरच्या खाला. खाला मूळच्या त्याच चाळीतल्या. त्यांच्या घरचं बांगड्यांचं दुकान आहे, आता मुलं बघतात. त्या लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हा हे तिसरीत होते, म्हणून त्या यांना अरेतुरे करतात आणि साठीला आलेल्या मला सूनबाई म्हणतात. त्या दिवशी साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

मी पातेलं ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. दूध गरम व्हायला लागलं, कडेने बुडबुडे आले, मग साय फुगून वर यायला लागली. मी हात जोडले. साय काठाला टेकली आणि तेवढ्यात यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि बटण फिरवून गॅस बंद झाला.

दूध हळूहळू खाली बसलं.

हे स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. तो हात आमच्या घरात एकतीस वर्षं असाच आला होता. हे अंगणात पेपर वाचत असले तरी वासाने उठून यायचे. त्या पहिल्या दिवसानंतर आमच्याकडे दूध कधी उतू गेलंच नव्हतं, एकदासुद्धा. मला त्यात काही वेगळं वाटत नसे, आणि त्या दिवशी आधी सांगून ठेवावं हे मला सुचलंच नाही.

खाला दारातूनच म्हणाल्या, "अरे, रिटायर केलं ना तुला? की कागद यायचाय अजून?"

हे ओशाळून हसले. परत पेटवतो म्हणाले. मी नको म्हटलं. एकदा खाली बसलेलं दूध पुन्हा जबरदस्तीने वर आणायचं मला बरं वाटेना. हे मी बोलले ते. मनात आणखी एक होतं, ते इथे लिहिते. दूध उतू गेलं नाही तेव्हा मला बरं वाटलं. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. आपण अजून पाहुणे आहोत. मी गाठोडं सोडलं नाही, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तसंच ठेवलं. दुपारी मी त्याच्यावर बसायची.

त्या दीड महिन्याचे दिवस मला आता आठवतात ते पाण्यातून बघावं तसे. दुपारी डोळा लागला की कात्रजचं घर यायचं. स्वप्न म्हणावं असं त्यात काही घडायचं नाही. घर नुसतं यायचं. गॅलरीच्या पलीकडे, पाचव्या मजल्याच्या उंचीवर, हवेत आमचं अंगण पसरलेलं असायचं. शेवगा, धुण्याचा दगड, तारेवरचे चिमटे. खालून हातगाड्यांचा आवाज यायचा आणि तो आवाज अंगणाच्या मातीतून यायचा. मला त्याचं नवल वाटायचं नाही. मी दार उघडून पाय खाली सोडायची आणि दगड असायचा. मग जाग यायची. उन्हाचा चौकोन फरशीवर जिथे होता तिथून हातभर सरकलेला असायचा, आणि हे कुठे गेले कळायचं नाही.

हे खाली गेलेले असायचे. इथे आल्यापासून हे दिवसातून तीनदा खाली जायचे. कात्रजला गुडघा धरून बसणारा माणूस बोळाबोळांतून फिरून यायचा, आणि येताना काहीतरी सांगायला घेऊन यायचा. शाळेतला एक मित्र भेटला, तो अजून त्याच घरात आहे. जिथे गोट्या खेळायचे तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सांगता सांगता एकदम थांबायचे. माझ्याकडे बघायचे आणि विषय बदलायचे. आपल्याला इथे आवडतंय हे मला कळलं तर मी त्यांच्यासाठी हो म्हणेन, याची त्यांना भीती होती. हे मला कळत होतं. त्यामुळे घरात दोन माणसं एकमेकांपासून काहीतरी लपवत होती, आणि दोघांनाही ते कुठे लपवलंय ते माहीत होतं.

मला भीती माणसांची होती. कात्रजला भाजीवाला फाटकाशी यायचा. मी पिशवी पुढे करायची, तो भरायचा. इथे मंडई शंभर पावलांवर. खाला पहिल्यांदा मला हाताला धरून घेऊन गेल्या. केवढे गाळे, केवढे आवाज, कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचे ढीग, छताला टांगलेले दिवे. मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघणार. कोणी बघितलं नाही. एवढ्या माणसांत मी दिसेनाशीच झाले, आणि ते इतकं छान वाटलं की दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. गॅलरीतून बघितलेलं कौलारू छप्पर आणि मधला उंच मनोरा खालून बघितला. कोणाशी न बोलता तासभर हिंडले आणि दोन लिंबं घेऊन आले.

यांनी विचारलं, "एवढा वेळ?"

मी म्हटलं, "गर्दी होती."

मग मी रोज जायला लागले. थंडीचे दिवस, मटार, पावटा, हरभऱ्याच्या गड्ड्या, बोरं. एक म्हातारी पावटा विकायची. तिच्याकडून दोनदा शेंगा घेतल्या, तर तिसऱ्या दिवशी मला बघून म्हणाली, कालच्या शेंगा किडक्या नाही ना निघाल्या? मी मान हलवली. घरी येताना जिन्यात थांबले. लिफ्ट होती, पण मी जिन्यानेच आले, कारण मला थोडा वेळ हवा होता. एवढ्या गर्दीत तिने मला ओळखलं होतं. मला वाटलं होतं की ओळखलं तर वाईट वाटेल. तसं वाटलं नाही.

तरी दुपारी अंगण यायचंच. मुलीने फोनवर विचारलं तर बघू म्हटलं. यांनी विचारलंच नाही. कॅलेंडरवर संक्रांतीच्या चौकोनात पतंग छापला होता, तो मात्र रोज जवळ यायचा.

भोगीच्या आदल्या दिवशी आम्ही कात्रजला गेलो. झाडांना पाणी घालायचं आणि घर उघडून वारा द्यायचा, एवढंच. स्वारगेटहून बस, मग चढ. हे दोनदा थांबले. फाटकाची कडी गंजली नव्हती तरी कुरकुरली. आत गार, बंद वास. मी खिडक्या उघडल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. भिंतीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. मी हात लावून बघितलं तर भिंत ओलसर लागली. मला वाटलं होतं की रडू येईल. रडू आलं नाही. उलट स्वप्नात यायचं ते घर जास्त खरं होतं असं वाटलं. हे जरा लहान होतं आणि गप्प होतं.

मी मागचं दार उघडलं. शेवगा फुलांनी पांढरा झाला होता. खाली सगळा सडा. मी विचार केला, भोगीची भाजी उद्या आहेच, आज ही फुलं वेचून न्यावी. बादली उचलली आणि फुलांकडे बघत बाहेर पाऊल टाकलं.

पाऊल सपाट पडलं. म्हणजे मी सपाट टाकलं, आणि तिथे काही नव्हतं. वीतभर हवा होती. डावा पाय दगडाच्या कडेवरून घसरला, बादली गडगडत गेली आणि मी फुलांत हातागुडघ्यांवर पडले.

हे धावत आले. गुडघा धरणारा माणूस धावत आला. काय झालं, काय झालं म्हणत मला उठवून त्यांनी धुण्याच्या दगडावर बसवलं. तळहात खरचटला होता, एका गुडघ्याला माती लागली होती, बाकी काही नाही. ते पाणी आणायला वळले आणि पायरीकडे बघून थांबले.

"तू इथून कधी पडली नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही."

"अंधारातसुद्धा नाही."

मी मान हलवली. ते पाणी आणायला आत गेले. जाताना त्यांचा पाय पायरीच्या दगडावर न बघता बरोबर पडतो का ते मी बघत होते. त्यांनी खाली बघितलं, मग चढले.

मी धुण्याच्या दगडावर बसून राहिले. फुलं माझ्या केसांत पडत होती. आधी मला माझ्या पायाचा राग आला. एकतीस वर्षं, आणि दीड महिन्यात विसरला. इथे मुलगी चालायला शिकली, इथे मी आजारपणं काढली, त्याला काहीच वाटलं नाही. मग राग गेला आणि नुसतं हलकं वाटायला लागलं. तापातून उठल्यावर वाटतं तसं. काय सांगायचं म्हणून मी इतके दिवस शब्द शोधत होते. पायाने माझ्यासाठी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. तो गॅलरीत राहायला गेला होता.

यांनी पाणी आणलं, हात धुतला. मग आम्ही दोघांनी मिळून फुलं वेचली. निघताना मी मागच्या दाराला कडी लावली आणि पायरीला एकदा नीट बघून घेतलं, कारण इतकी वर्षं मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. वर बारीक पांढरे ठिपके होते. चांदण्यांनी आकाश भरावं तसे.

खालांनी माझा तळहात बघितला आणि कुठे पडलीस विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंडईत माणसं धक्के मारतात तिथे नाही पडली, स्वतःच्या दारात पडली. धन्य आहेस, सूनबाई." आणि हळद लावली.

संक्रांतीच्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं. साडीची गाठ इतकी घट्ट बसली होती की दाताने सोडवावी लागली. पितळेचं पातेलं काढलं. कल्हई चांगली होती. चिंच लावून बाहेरून घासलं. पौष महिना, पौषात नवीन काही सुरू करत नाहीत. पण आम्ही मार्गशीर्षातच आलो होतो, फक्त एक गोष्ट राहिली होती. मी दूध ओतलं. काठोकाठच ओतलं. गॅस पेटवला आणि हॉलमध्ये गेले.

हे तिळाच्या लाडवांच्या डब्याचं झाकण उघडत होते. मला बघून त्यांनी ते लावलं.

मी म्हटलं, "जरा आत या."

ते आले. शेगडीवरचं पातेलं बघितलं, कोपऱ्यातलं रिकामं झालेलं गाठोडं बघितलं. मी हळदकुंकू वाहत होते.

"आता हात लावू नका," मी म्हटलं.

ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि दोन्ही हात मागे नेले. मी वळून बघितलं तर एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं. गॅलरीचं दार उघडं होतं. खालून कोणीतरी ऊस घ्या, ऊस घ्या असं ओरडत होतं, आणि गाजराचा, ओल्या मातीचा वास वर येत होता. बुडबुडे आले. साय फुगली. ती काठाला आली तेव्हा यांनी श्वास घेतल्याचा आवाज मला आला. मग दूध एका बाजूने ओसंडलं, पातेल्यावरून खाली धावलं, बर्नर फुसफुसला, करपट गोड वास सुटला. धार ओट्यावरून पूर्वेला गेली. मी बघितलं होतं, ओट्याला तिकडेच थोडा उतार आहे. मग मीच गॅस बंद केला.

ते अजून हात मागेच धरून होते.

"झालं," मी म्हटलं. "सोडा आता."

त्यांनी हात सोडले. सांडलेल्या दुधाकडे बघून म्हणाले, "पाव लिटर तरी गेलं." मग थोड्या वेळाने, ओट्याकडेच बघत, "मास्तरांना आज फोन करू?"

"करा," मी म्हटलं. "शेवगा तोडू नका म्हणावं. आणि मागच्या दाराची पायरी कललेली आहे, तेही सांगा. त्यांची सून नवीन आहे."

ते फोन करायला हॉलमध्ये गेले. मी फडकं घेतलं. समोरून खाला ओरडून विचारत होत्या, जळलं काय गं? मी दार उघडायला गेले, फडकं हातातच होतं.